मेस्त्रीशी काम ठरलंय आणि आता बदलायचंय? हात लागायच्या आधी काय काय करायचं

काम ठरलंय, दर ठरलाय, विसार पण देऊन झालाय आणि आता डोक्यात वेगळंच आलंय. कौलांऐवजी पत्रे टाकूया, पडवी जरा वाढवूया, संडास बाथरूम आतच घेऊया, नाहीतर सरळ सगळंच गणपतीनंतर करूया. असं होतंच, घराच्या कामात तर होतंच होतं, आणि काम मधे आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं कधीही बरं. पण "अजून कुठे सुरू झालंय, एक फोन टाकूया" असं म्हणून जो फोन लावला जातो ना, निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. आपल्या हिशोबाने काम सुरू होतं मेस्त्री सामान घेऊन दारात आला की. मेस्त्रीच्या हिशोबाने ते विसार घेतला त्याच दिवशी सुरू झालेलं असतं. त्या दिवसापासून तो माणसं सांगून ठेवतो, लाकूड बघून ठेवतो, खाणीवर गाडी बोलून ठेवतो, दुसऱ्या वाडीतल्या माणसाला "आत्ता जमणार नाय, पुढच्या महिन्यात बघू" म्हणून सांगून बसतो. बदल फुकटात होणार की पैसे पडणार, आणि मेस्त्रीचं तोंड वाकडं होणार की नाही, हे सगळं या मधल्या दिवसांत त्याने काय काय करून ठेवलंय त्याच्यावर आहे.

आधी विचारा, मग सांगा

म्हणून फोनवर पहिलं वाक्य "मेस्त्री, आम्ही ना आता असं ठरवलंय" हे नको. पहिलं वाक्य "मेस्त्री, आपल्या कामाचं कुठपर्यंत आलंय, माल काय उचललात का" एवढंच. उत्तर नीट ऐकायचं, जमलं तर लिहून घ्यायचं आणि मग आपला विषय काढायचा. हे उलट केलंत की मेस्त्री कितीही सरळ असला तरी त्याला कळतं की आता नुकसानीचा हिशोब चाललाय, आणि मग न घेतलेला माल पण घेतलेला होतो. माणसाचा स्वभाव आहे, काय करणार.

नेमकं काय विचारायचं ते कामावर आहे. सुताराला विचारायचं की लाकूड नुसतं बघून ठेवलंय की मिलमधून कापून आणलंय. बघून ठेवलं असेल तर काहीच बिघडलं नाही, पण वासे आणि फळ्या कापून झाल्या असतील तर त्या तुमच्याच मापाच्या झाल्या, दुसऱ्याच्या घराला बसतील याची काही खात्री नाही. फॅब्रिकेटरचं थोडं वेगळं असतं. कलर कोटेड पत्रे हल्ली मापाने कापून येतात, साडेअकरा फुटी सांगितले की साडेअकराच, आणि एकदा कापले की दुकानदार ते परत घेत नाही. पण ऑर्डर दिली म्हणजे पत्रे कापले असं नसतं, मधे दोनचार दिवस जातात, तेव्हा "ऑर्डर गेली" असं ऐकलं की लगेच हाय खायची नाही, त्यालाच म्हणायचं की दुकानात एक फोन करून कटिंग झालं का विचार. गवंड्याचे चिरे (जांभ्याचे कापीव दगड) असतात. चिरेखाणीवर नुसती गाडी सांगून ठेवली असेल तर ती दुसरीकडे वळवणं सोपं, विशेषतः एप्रिल मे मधे, कारण पाऊस लागला की खाणी बंद होतात आणि घेणारे आधीच रांगेत असतात. पण चिरे एकदा तुमच्या खळ्यात (अंगणात) उतरले की ते परत भरायचे, परत उतरायचे, गाडीचं भाडं दोनदा, वर कडा फुटतात त्या वेगळ्या. वायरमन आणि प्लंबर यांचं सगळ्यात सोपं, ते बहुतेक सामान आयत्या वेळी हार्डवेअरच्या दुकानातून उचलतात आणि सीलबंद असेल तर दुकानदार बदलूनही देतो.

टाइल्सचं एक लक्षात ठेवा. दोन बाय दोनच्या बॉक्समधे चार टाइल्स येतात, म्हणजे साधारण सोळा स्क्वेअर फूट. न फोडलेले बॉक्स बरेच दुकानदार परत घेतात, फोडलेला कोणी घेत नाही. आणि क्षेत्र वाढवणार असाल तर आधीच्याच बॅचचे बॉक्स मिळतायत का हे मेस्त्रीला सांगायच्याही आधी दुकानात बघा, कारण डिझाइन तेच असलं तरी वेगळ्या बॅचचा शेड थोडा मागेपुढे असतो आणि तो जमिनीवर पसरल्यावर चांगलाच दिसतो.

या यादीत न येणारी एक गोष्ट म्हणजे त्याने तुमच्यासाठी सोडलेलं दुसरं काम. त्याचं बिल कुठेच नसतं, पण मेस्त्रीच्या मनात ते पहिल्या नंबरला असतं. तुम्ही काम अर्ध्यावर आणलंत किंवा दोन महिने पुढे ढकललंत तर तो त्या सोडलेल्या कामाचाच विचार करत असतो, तोंडाने बोलला नाही तरी. त्यामुळे बोलताना आपणच काढायचं, "आमच्यामुळे तुमचं मधलं काम गेलं असेल ना". हे वाक्य म्हणायला काही पैसे लागत नाहीत.

बोलणार कोण हे आधी ठरवा

हे कोकणाबाहेरच्या लोकांना कदाचित एवढं महत्त्वाचं वाटणार नाही, पण आपल्याकडे घर बहुतेक वेळा सामायिक. एक भाऊ गावात, एक ठाण्याला, एक काका विरारला, आत्या चिपळूणला, आणि सगळे मेस्त्रीला ओळखतात कारण तो त्याच गावचा. मग होतं असं की गावातला भाऊ सांगतो खिडक्या मोठ्या करा, ठाण्याचा फोन करतो खिडक्यांना हात लावू नका, आणि विरारचे काका म्हणतात आधी मला विचारा. मेस्त्री बिचारा तिघांनाही "होतला, टेन्शन घेव नको" म्हणतो आणि शेवटी करतो ते ज्याने शेवटचा फोन केला त्याचं.

तेव्हा बदल मेस्त्रीच्या कानावर घालायच्या आधी घरात मिटवा. कोणी एकाने बोलायचं, आणि मेस्त्रीलाच स्पष्ट सांगायचं की "यापुढे बदल फक्त दादा सांगेल, दुसऱ्या कोणाचा फोन आला तर दादाला विचारून घ्या". मेस्त्रीला हे आवडतं, सुटल्यासारखं वाटतं त्याला. आणि बदल नुसता रंगाचा टाइल्सचा नसेल, भिंत पुढे सरकणार असेल किंवा खोली वाढणार असेल तर भाऊबंदांची संमती नुसती फोनवर घेऊन भागत नाही, लेखी घ्या. कारण चौथरा वाढलेला दिसला की आठ वर्षं गावात न आलेला चुलतभाऊ पण पहिल्या गाडीने येतो आणि काम बंद पाडतो, आणि बंद पडलेल्या दिवसांची मजुरी मेस्त्री कोणाकडे मागणार?

बांधकाम वाढत असेल तर ग्रामपंचायतीत पण विचारा, आधी घेतलेली परवानगी आधीच्या नकाशापुरती असते. समुद्राला किंवा खाडीला लागून घर असेल तर सीआरझेडचा (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचा) विषय येतो, तिथे मेस्त्री "काय नाय होत" म्हणाला तरी त्याच्या शब्दावर जाऊ नका, नोटीस त्याच्या नावाने येत नाही.

कौलांचे पत्रे, पत्र्यांची कौलं

सगळ्यात जास्त बदलला जाणारा विषय हाच आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण यातच, म्हणून जरा सविस्तर. लोकांना वाटतं वरचं आवरण बदलायचं, खालचं तेच राहणार, मग दरात फरक तो मालाचाच. तसं नसतं.

मंगलोरी कौलं शंभर स्क्वेअर फुटाला साधारण एकशे चाळीस लागतात, एकेक सव्वादोन अडीच किलोचं, म्हणजे नुसत्या कौलांचंच तीनशे किलोच्या वर वजन जातं, भिजल्यावर अजून जड. तेवढ्याच जागेवर अर्धा एमएमचा पत्रा जेमतेम चाळीसेक किलो. म्हणजे कौलांसाठी ठरवलेलं छप्पर पत्र्याचं केलंत तर वासे, रिपा, सगळंच कमी लागतं, किंवा लाकूडच नको, लोखंडी पाइप चालतात. मग सुताराचं काम जातं आणि फॅब्रिकेटरचं येतं. इथे तुम्ही कामात बदल करत नाही आहात, तुम्ही माणूसच बदलताय, आणि हे त्या सुताराला गोलगोल न बोलता सरळ सांगायला हवं. वायरमनला मधे घालून निरोप देऊ नये.

उलट दिशेचा बदल जास्त धोक्याचा. आधी पत्रे ठरले होते, त्या हिशोबाने पाइप घेतले, आणि मग कोणीतरी म्हणालं की पत्र्याखाली मे महिन्यात भाजून निघाल आणि पावसात बोललेलं ऐकू येणार नाही (खरं आहे दोन्ही), चला कौलं टाकू. तर ते पाइप आणि त्यांच्यातलं अंतर एवढं वजन घेईल का हे आधी विचारायचं. "चालतंय की" या उत्तरावर थांबायचं नाही, कुठला पाइप, किती जाडीचा, किती फुटावर, हे बोलून घ्यायचं आणि गरज पडली तर तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या इंजिनियरला दाखवायचं. उताराचं पण तेच. कौलाला उतार जास्त लागतो, नाहीतर वाऱ्यापावसात पाणी मागे चढून आत येतं, पत्रा कमी उतारावर पण चालतो. म्हणजे आढ्याखालची तिकोनी भिंत किती उंच घ्यायची हे बदलतं, म्हणजे गवंड्याचं काम बदलतं, म्हणजे एका निर्णयात तीन मेस्त्री आले. तिघांनाही सांगायला हवं, आणि तेही एकमेकांच्या तोंडून कळायच्या आधी.

वाऱ्याचं पण बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोली मंडणगडकडे काय झालं, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने गेलं तेव्हा काय झालं हे आपण बघितलंय. कौलं सुटी सुटी उडतात, पत्रा सुटला तर अख्खा जातो आणि जिथे पडेल तिथे नुकसान करतो. तेव्हा पत्र्यावर येत असाल तर बदल सांगतानाच स्क्रू किती अंतरावर, वॉशर कुठले, कडेला जास्तीचे स्क्रू मारणार का, हे पण ठरवून घ्या, आणि समुद्राजवळ असाल तर गंजणारे साधे स्क्रू नकोत हे पण. नंतर सांगितलं की त्याचे वेगळे पैसे लागतात, आत्ता सांगितलं तर त्याच दरात बसतं बऱ्याचदा.

जुनी कौलं, जुने वासे कोणाचे हे पण याच वेळी बोला. हा विषय कोणी काढत नाही आणि मग एक दिवस छोटा टेम्पो येतो आणि आजोबांच्या वेळचे सागाचे वासे निघून जातात. मेस्त्रीने ते धरून दर कमी सांगितलेला असू शकतो, त्यामुळे तो चोर आहे असं लगेच नाही, पण बोललेलं बरं.

बाकीचे नेहमीचे बदल

भारतीय संडासाचा कमोड करायचाय, आईचे गुडघे दुखतात वगैरे, तर हे काँक्रीट व्हायच्या आधी सांगायलाच हवं, कारण कमोडच्या आउटलेटचं भिंतीपासूनचं अंतर ठरलेलं असतं, नऊ इंची असतो, बारा इंची असतो, आणि भिंतीतून बाहेर जाणारा असेल तर त्याची उंची वेगळी. आधी कमोड पसंत करा, त्याचा नंबर आणि माप प्लंबरला फोटो काढून पाठवा, मग बदल सांगा.

लाइटीचे पॉइंट वाढवायचे असतील तर दर पॉइंटमागे असतो, तो आधीच्याच भावाने लावणार ना एवढं विचारा. पण वाढीव पॉइंट एसीचा किंवा गिझरचा असेल तर तो साधा पॉइंट नाही, त्याला जाड वायर (एसीला सहसा चार स्क्वेअर एमएम), वेगळा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच), आणि महावितरणकडे मंजूर लोड पुरतोय का ते बघणं आलं. वायरमनने जास्त पैसे सांगितले तर तो लुबाडतोय असं नाही. चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टर झाल्यावर झिरी मारायला (वायरसाठी भिंत खोदायला) लागली की धूळ पण खाल आणि पैसे पण, त्यामुळे जे काय पॉइंट ते गिलाव्याआधी.

आपल्याच बागेतला फणस पाडून दारं खिडक्या करूया असा बदल बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. चांगला आहे, लाकूड पण चांगलं. पण फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडायला परवानगी लागते, ती मिळायला वेळ जातो, मग कापणं, मग सुकवणं. ओल्या लाकडाची खिडकी पहिल्या मे महिन्यात वाकते. सुताराला हा बदल सांगायचा म्हणजे तारीख पुढे गेली असंच धरा आणि त्याला तसं सांगा, नाहीतर तो तुमच्या भरवशावर दिवस राखून बसेल.

होमस्टे काढणार म्हणून आयत्या वेळी प्रत्येक खोलीला अटॅच्ड करायचं ठरवत असाल तर तो बदल नाही, ते नवीन काम आहे. पाणी, शोषखड्डा, विहिरीपासूनचं अंतर, सगळंच बदलतं. नवीन एस्टिमेट मागा आणि जुनं फाडून टाका.

पैशाचं बोलणं

आधी काम कसं दिलंय ते आठवा. रोजावर असेल तर बदलाचं काही एवढं नाही, जितके दिवस तितकी हजेरी, फक्त दिवस किती वाढतील ते विचारा. उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचा एकच आकडा ठरवून दिलं असेल तर खरा प्रश्न.

काम वाढलं तर मेस्त्री खूश, तिथे आपण सावध राहायचं: वाढीव कामाचा दर आधीच्याच दराने धरणार का, हे हो किंवा नाही मधे घ्यायचं. काम कमी केलं तर उलटं, आणि इथेच लोकांचं बिनसतं. समजा आठ खिडक्यांची मजुरी ४०,००० उक्ती ठरली. तुम्ही तीन रद्द केल्यात. तुमचा हिशोब सरळ आहे, खिडकीला पाच हजार, तीनचे पंधरा, बाकी राहिले पंचवीस. मेस्त्री म्हणणार दहाच कमी होतील. तो उगाच म्हणत नाही. त्याची मशिनं आणायचं भाडं आठ खिडक्यांना जेवढं तेवढंच पाचला, पहिल्या खिडकीला माप जुळवायला जो वेळ जातो तो जातोच, आणि आठ आहेत म्हणून त्याने दर थोडा सोडला होता. पंधरा आणि दहाच्या मधे बारा साडेबारावर मिटलं तर मिटवा आणि चहा घ्या. फक्त त्याने "काहीच कमी होणार नाय" म्हटलं तर मात्र विचारायचं का नाही, आणि तीन खिडक्यांच्या मजुरीचे दिवस वाचतात ते कोणाचे.

मालाचे पैसे वेगळे, मजुरीचे वेगळे, हे शेवटपर्यंत वेगळंच ठेवा. कापून झालेला माल तुमच्या बदलामुळे वाया जात असेल तर त्याचं बिल बघून पैसे द्या आणि माल आपल्या खळ्यात उतरवून घ्या. पैसे पण दिले आणि माल पण मेस्त्रीकडे राहिला असं नको, तो पुढच्या घराला लागतो. वासे, पाइप, पत्र्याचे तुकडे, गोठ्याला, लाकडाच्या खोपीला, कशाला ना कशाला आपल्यालाच लागतं.

दिलेला विसार परत मागू नका, नवीन हिशोबात वळता करा. परत मागितलात की नात्यात कायतरी तुटतं, आणि तो बहुतेक खर्च झालेला पण असतो. सगळंच काम रद्द करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याचा झालेला खरा खर्च आणि माणसं बसून राहिल्याची एखाददोन दिवसांची हजेरी धरून उरलेले मागा, आणि देण्याघेण्याची तारीख ठरवा.

अजून एक, दुसऱ्या मेस्त्रीला त्याच वाडीत भाव विचारत फिरू नका. भाव विचारायचाच तर बदल सांगायच्या आधी, आणि लांबच्या गावात. आपल्याकडे सुतार, गवंडी, वायरमन एकमेकांचे मेहुणे साडू असतात, तुम्ही रिक्षातून उतरेपर्यंत बातमी पोचलेली असते.

फोन झाला, आता मेसेज

फोन संध्याकाळी सात नंतर करा. सकाळी आठ वाजता तो माणसांना कामं वाटून देत असतो, तेव्हा तो कशालाही हो म्हणेल आणि विसरेल. बोलणं झालं की त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहायचं, लांबण न लावता. साधारण असं:

"नमस्कार मेस्त्री. आज फोनवर बोललो तसं लिहून ठेवतो.
आधी ठरलेलं: पडवीचं छप्पर, कौलं, मजुरी ४५,०००.
आता: पडवी चार फूट पुढे, कौलंच, जुने वासे जेवढे चांगले तेवढे वापरायचे, उरलेले आमचे.
वाढीव मजुरी ८,०००. एकूण ५३,०००. विसार १०,००० दिलेला आहे, बाकी ४३,०००.
नवीन लाकूड आणि कौलं आमच्याकडून.
सुरुवात शिमगा झाल्यावर पहिल्या सोमवारी, काम बारा दिवस.
बाकी सगळं आधी ठरल्याप्रमाणेच. बरोबर असेल तर हो लिहा, काय चुकलं असेल तर सांगा."

"बाकी सगळं आधी ठरल्याप्रमाणेच" ही ओळ विसरू नका. ती नसली की बदल सांगितलेला मेस्त्री बाकीचं पण मोकळं झालं असं समजतो, कधी कधी सोयीने. निळी टिक म्हणजे हो नव्हे. उत्तर यायला हवं. बरेच वयस्कर मेस्त्री टाइप करत नाहीत, त्यांना म्हणा व्हॉइस मेसेज करा, किंवा मुलाला हो लिहायला सांगा. मोबाइलच वापरत नसतील तर वहीत लिहा, दोघांनी सही, एक पान त्यांना. माप असेल तिथे जमिनीवर चुन्याने आखून किंवा खुंट्या मारून दोरी लावून फोटो काढून ठेवा, "चार फूट" कुठून मोजायचे यावरून पण वाद झालेले आहेत, जोत्यापासून की भिंतीपासून की पागोळीपासून.

मुंबईहून सगळं चाललं असेल तर हे अजून गरजेचं. गावातल्या कोणाला तरी त्या खुंट्या मारताना उभं करा.

तारीख पुढे ढकलणं हा पण बदलच

लोक याला बदल धरत नाहीत, "काम तेच आहे, जरा पंधरा दिवसांनी करा" म्हणतात. पण एप्रिलमधले पंधरा दिवस आणि मे मधले पंधरा दिवस सारखे नसतात. मे महिन्याच्या मध्यानंतर छप्पर उघडायचं काम मी तरी कोणाला सांगणार नाही, कारण मेस्त्री येणार दोन दिवस उशिरा, मधे एखाद्याच्या लग्नाला जाणार, वळवाचा एक दणका बसणार आणि जून तर दारात. छप्पर मे च्या पहिल्या आठवड्यात बसत नसेल तर सरळ दिवाळीनंतरचं ठरवा आणि या वर्षी नुसती शाकारणी (आहेत तीच कौलं नीट परत लावणं) करून घ्या. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा गावचा मेस्त्री मिळणार नाही हे धरून चाला, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस प्रत्येकाला रंग आणि फरशी हवी असते, तेव्हाची तारीख सोडलीत तर ती परत मिळत नाही. दर पण विचारा, दिवाळीनंतर तोच राहणार का. बऱ्याचदा राहत नाही आणि ते आधीच ऐकलेलं बरं.

आणि मेस्त्रीनेच बदल सांगितला तर

तो पण सांगतो. "सागाचं नाय मिळत, दुसरं घालतो", "ती कंपनी बंद झाली, ही घ्या, सेम आहे". हाच नियम उलटा लावा: का, दरात काय फरक, तारखेत काय फरक, आणि लिहून द्या. स्वस्त माल घालून दर तोच राहणार असेल तर हसत हसत विचारायचं, भांडत नाही, पण विचारायचंच.

तुम्ही सांगितलेला बदल त्याने नाहीच मानला तर त्याला तो हक्क आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्यातल्या कलम ६२ प्रमाणे दोघं राजी असतील तरच जुन्या ठरावाच्या जागी नवा येतो, एकट्याने सांगून येत नाही. तोंडी ठरलेलं पण करारच असतं, "कागद कुठेय" म्हणून कोणीच सुटत नाही, ना तो ना तुम्ही. आणि एकाने मोडलं तर दुसऱ्याला झालेलं खरं नुकसान मागता येतं, कलम ७३, मनाला येईल तो आकडा नाही. घरगुती कामाचा विसार घेऊन कोणी फोनच उचलत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. होमस्टेसारख्या धंद्यासाठीचं काम असेल तर तिथे अडू शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारून घ्या. पण तिथवर जायच्या आधी गावातला कोणीतरी दोघांच्या ओळखीचा माणूस मधे बसवा, दुकानदार चालेल, ज्याच्याकडून मेस्त्री माल उचलतो तो. त्याचं मेस्त्री ऐकतो, कारण उधारी तिथे असते.